केबल जोडलेली नाही

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लॅपटॉपनं मला कळवलं की नेटवर्क केबल जोडलेली नाही. केबल माझ्या डोळ्यांसमोर जोडलेली होती. मी ती उपटली, पुन्हा खुपसली, पडद्यावर वाक्य तेच. माणूस असा तोंडावर खोटं बोलला असता तर मी त्याला चारकोपच्या वेशीबाहेर काढलं असतं. यंत्राशी भांडून उपयोग नसतो, म्हणून मी पंख्याशी भांडले. तो बिचारा उगाच गरम हवा ढवळत होता.

तीन वाजता माझी कामाची चाचणी होती. आधीची नोकरी गणपतीच्या तोंडावर गेली होती आणि आता घरी बसून गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचं एक काम समोर आलं होतं. अट एकच, कनेक्शन वायरचं हवं. वायफाय चालणार नाही, आणि जो वेळेवर जोडला जाणार नाही त्याची जागा पुढच्याला. मला ती जागा हवी होती. काम आवडीचं आहे का, वगैरे चोचले मी तोवर सोडून दिले होते.

बाहेरच्या खोलीत बाबा खाटेवर झोपले होते. केबल त्यांच्या डोक्यावरून, भिंतीच्या कडेकडेनं आतल्या माझ्या टेबलापर्यंत येते. मी राऊटर बंद करून चालू केला, केबल राऊटरच्या दुसऱ्या भोकात घातली, मग शेजारणीकडून तिची केबल आणून लावली. एवढ्या खटपटीत बाबांनी कूससुद्धा बदलली नाही. आयुष्यभर मिलमध्ये माग चालवून त्यांचे कान गेले आहेत. शेकडो माग एका जागी एवढे खडखडायचे की तिथली माणसं ओठ बघून बोलायची. बाबा अजून समोरच्याचे ओठच बघतात, त्यामुळे मी फणकाऱ्यानं पुटपुटलेलंही त्यांना कळतं.

शेवटी चाचणी घेणाऱ्या कंपनीच्या टेक्निकल विभागाला फोन लावला. तिकडची मुलगी झकास निवांत होती.

"अगं, टेन्शन नको घेऊ ना. नेटवर्कचा अ‍ॅडॉप्टर डिसेबल कर, परत एनेबल कर."

"केलं. तेच येतंय."

"मग त्याचं सॉफ्टवेअर, तो ड्रायव्हर, उडव आणि रीस्टार्ट मार. तो स्वतःच परत येतो."

मी ड्रायव्हर उडवला. यादीतून अ‍ॅडॉप्टरचं नाव नाहीसं झालं, आणि मी रीस्टार्ट केलं. पडदा काळा झाला आणि त्यावर एक गोल फिरत राहिला. ऑक्टोबरच्या उन्हात आमचा सगळा सेक्टर गप्प झाला होता. इंडस्ट्रियल इस्टेटमधली कुठली तरी मशीन जेवणाच्या सुट्टीसाठी थांबली होती. त्या गोलाकडे बघता बघता माझे डोळे जड झाले, आणि मी झोपेत नव्हते पण खोलीतही नव्हते.

मी खूप लहान होते, बाबांच्या खांद्यावर. दसऱ्याला मिलमध्ये घरच्यांना आत सोडायचे. रांगेनं माग उभे, सगळ्यांना झेंडूच्या माळा, आणि कुठेच आवाज नाही. कापसाचे बारीक तंतू उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होते, खाली यायचं नावच घेत नव्हते. आई हळदीकुंकू लावत होती. बाबा हळू आवाजात बोलत होते. त्यांना तेवढ्या हळू बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं होतं, हा कुणी दुसराच माणूस आहे आणि मला हाच हवा आहे.

लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला. अ‍ॅडॉप्टर परत आला होता, तेच वाक्य घेऊन.

"अगं, पोर्ट बघितलास का? टॉर्च मारून बघ. कधी कधी मुंगी वगैरे असते यार," मुलगी म्हणाली.

मी लॅपटॉप आडवा धरला आणि मोबाईलचा उजेड त्या चौकोनी भोकात सोडला. आत, सोनेरी तारांच्या मागे, काहीतरी लाल दिसलं. भुवया कोरायच्या चिमट्यानं ते अलगद बाहेर ओढलं. कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा. आदल्या दिवशी लॅपटॉपची पूजा बाबांनीच केली होती. वर टाकलेल्या अक्षता मी पुसून काढल्या होत्या, त्यातली एखादी घरंगळत आत गेली असेल असं मला वाटलं. केबल लावली. या खेपेला ती टक करून बसली आणि पोर्टशेजारी हिरवा दिवा लागला. तीन वाजायला थोडाच वेळ उरला होता.

मागे बाबा उभे होते. कधी उठले कळलं नाही.

"चालू झाला काय गो?"

"झाला." मी दाणा मुठीत घेतला. तेवढ्या वेळात त्यांच्या पूजेबद्दल ऐकवायला चांगली शेलकी वाक्यं मनात तयार झाली होती.

"मशीनच्या पोटात दाणो ठेवलंय मी," ते म्हणाले. "भायरच्यो अक्षता तू फडक्यान पुसून टाकतंस. आतलो रवता. आमी मागाच्या लाकडाच्या फटीत ठेवू. दर वर्साक."

मी मूठ टेबलाखाली नेली.

"त्या वर्साक दसऱ्याआधी गेटाक कुलूप लागला. दाणो ठेवूक गावलो नाय. मग माग परत चालूच झालो नाय." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "तुझा काम जावक नको. आसा मां आत?"

मालकांनी जमीन विकली म्हणून मिल बंद पडली, हे मला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे, मोर्चात ते पुढे असायचे. तरी एवढी वर्षं हा माणूस तो एक न ठेवलेला दाणा मनात घेऊन फिरत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. माझी शेलकी वाक्यं मी सोडून दिली. मला रडू येत होतं आणि हेडफोन शोधायचा होता.

"आहे ना, आतच आहे," मी ओठ नीट हलवून म्हटलं. "केबल सैल झाली होती."

त्यांनी मान डोलावली.

चाचणी सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक चिडकं निघालं, दुसरं त्याहून. मी गोड बोलत होते. बाबा टेबलाच्या कडेला येऊन थांबले आणि लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. त्यांचे पाय सुजतात, फार वेळ उभं राहू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय. दोन फोनच्या मध्ये मी माइक बंद केला आणि बाजूची खुर्ची पुढे सरकवली.

"बाबा, बसा ना."

"मागार कोण बसता?" ते म्हणाले. "धागो तुटलो तर कोण बघतलो?"

मिल गेल्यावर त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली. तिथं त्यांना खुर्ची होती, आणि त्या खुर्चीबद्दल ते कधी एक चांगला शब्द बोलले नाहीत. आता ते हात मागे बांधून, किंचित पुढे वाकून उभे होते, आणि ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं तरी हलले नाहीत. फोनची ती नोकरी मला लागली. पण त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच, की मिलच्या गेटाला कुलूप लागल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच मागावरची पूर्ण पाळी उभ्यानं केली, आणि मी त्यांना पुन्हा बसा म्हटलं नाही.