वाशिम वर, हिंगोली खाली

कावेरीबाईंना आपल्या भूगोलाचा गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत. तोंडवलीच्या शाळेत शिकवून बावीस वर्षं झालेली. बाई डोळे मिटून महाराष्ट्राचे जिल्हे दाखवतात, असं मुलं म्हणायची. त्यामुळे २००८च्या दिवाळीच्या सुट्टीत लेक योगिनी कॉलेजातून मालवणला घरी आली आणि तिनं इंटरनेटवर नकाशाचा खेळ लावला, तेव्हा बाई पदर खोचूनच खुर्चीत बसल्या. पडद्यावर जिल्ह्याचं नाव येई, आणि कोऱ्या नकाशात तो जिल्हा शोधून त्यावर टिचकी मारायची.

"पस्तीसच्या पस्तीस!" बाईंनी आधीच जाहीर करून टाकलं.

वाशिम आलं. बाईंनी टिचकी मारली. जिल्हा लाल झाला.

"आये, चुकलंस. ती हिंगोली. वाशिम तिच्या वर."

"तुझो कॉम्प्युटर चुकता," बाई फणकारल्या. पण कपाटातला नवा नकाशासंग्रह काढून पाहिला, तर त्यातही तेच. बाईंना एक कागद आठवला.

१९९९ साली हे जिल्हे नवे होते आणि शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जुना. नवा येईपर्यंत थांबायला बाईंना धीर कुठला! रेडिओवरची बातमी ऐकून त्यांनी लाल शाईनं स्वतःच रेघा ओढल्या आणि नावं लिहिली. दोन नावांची अदलाबदल झाली ती तेव्हाच. दुसऱ्या दिवशी सातवीतली गौरजा वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन टेबलाशी आली. तिची आई शेवंती मासळी विकायची. सुके बांगडे बांधलेल्या त्या कागदावर नव्या जिल्ह्यांचा छापील नकाशा होता.

"बाई, हयसर उलटां आसा."

बाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आधी हा वास घेऊन लांब उभी राहा. भूगोल मासळीच्या टोपलीत सापडत नाही."

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. वार्षिक परीक्षेत गौरजानं मुकाट्यानं भिंतीवरच्यासारखं लिहिलं, आणि बाईंनी पैकीच्या पैकी गुण देऊन वर "आता कशी शहाणी झालीस" म्हटलं. हे सगळं आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेतला नकाशा दुरुस्त करता आला असता, मुलांपुढे चार विनोद करून निभावूनही नेता आलं असतं. पण गौरजाचं काय करायचं? ती आता मालवणच्या बाजारात आईच्या जागी बसे, आणि बाई तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. मासे कापून झाले की ती पिशवीला गाठ मारी, हात धुई, पिशवी ओट्याच्या कडेला ठेवी आणि दोन पावलं मागे सरे. "किती रीतीची पोर!" असं बाई घरी कौतुकानं सांगत.

आठ दिवस त्यांनी अंडी आणि बटाट्यांवर काढले. नवव्या दिवशी योगिनीनं बांगड्यांचा हट्टच धरला.

बाजारात गौरजानं नेहमीसारखे बांगडे कापायला घेतले. बाई एवढंसं तोंड करून उभ्या राहिल्या.

"गौरजा, तुझो तो कागद बरोबर होतो गो. वाशिम वर, हिंगोली खाली. मी चुकलंय. आणि तुका तेव्हा बोललंय तां..."

गौरजाचा विळीवरचा हात क्षणभर थांबला. "माका ठावक आसा, बाई. पण तुमी खोटां खंय बोललात? कागदाक वास येय होतोच."

बाई तिचा चेहरा न्याहाळत राहिल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं, पण तो टोमणा नव्हता.

गौरजानं बांगडे पिशवीत भरले, गाठ मारली, हात धुतले. पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. पिशवी उचलायला वाकलेल्या बाईंना मान वर करवेना. त्यांनी सांगितलं होतं तशी, लांब, ती नऊ वर्षं उभी होती.