भुईचाफ्याची राखण

नगरला आमच्या घरासमोर सुमनमावशी राहायच्या. त्यांच्या दारातल्या आंब्याखाली थंडीभर नुसती माती असायची, पान नाही की गवताची काडी नाही. पण दूधवाल्याने सायकल तिकडून घातली रे घातली, की मावशी आतून ओरडत, "आरं बाजूनं! तितं निजल्यात ती!" पहिल्या दिवशी मी घाबरलेच होते, कोण निजलंय म्हणून.

निजलेला असायचा भुईचाफा. सावलीत वाढणारा, थंडीत जमिनीत गडप होणारा, आणि चैत्राच्या सुमारास पानांच्या आधी थेट मातीतून फूल काढणारा. अकोले तालुक्यातल्या माहेराहून मावशींनी त्याचे कंद आणले होते. सुजेवर त्याचा लेप लावतात. जवळच कुंपणाला त्यांनी हौसेने कळलावीही लावली होती. तीही थंडीत अशीच गडप होते, पण तिचा कंद विषारी. त्यात गटाराच्या कामावरच्या लोकांनी तिथली माती इकडची तिकडे करून ठेवलेली, त्यामुळे कुठला कंद कुठे गेलाय ते सांगता येत नव्हतं.

पूर्वी मावशी कंद चुरगाळून वासावर ओळखत. कोरोनात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. तेव्हापासून एकच धोशा, "फूल बगितल्याबिगर नाव सांगायची न्हाई." थंडीत कंद मागणाऱ्याला त्या सरळ हाकलून देत.

शेजारच्या मंदाकाकूंना हा चिक्कूपणा वाटे. त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. लेपापेक्षा काढा बरा, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. एका दुपारी मावशी बाजारात गेल्याचं बघून काकूंनी आंब्याखालचा एक कंद उकरला, अर्धा मोडून घेतला आणि अर्धा परत पुरला. मावशी आल्या आणि त्यांना उकरलेली माती दिसली.

"कोन आलं हुतं?"

मी काकूंच्या दाराकडे बोट केलं. मावशी अनवाणी धावल्या, मी मागोमाग.

काढ्याचा पेला काकूंच्या ओठांपाशीच होता. मावशींनी तो हिसकावून मोरीत ओतला, मग पातेलंही उपडं केलं.

"येवढ्याशा कंदासाटी, मावशी?" काकू रडकुंडीला आल्या. "भुईचाफाच हाय तो!"

"आसंल. न्हाईतर नसंल."

मी आंब्याखाली जाऊन मातीतला उरलेला अर्धा कंद काढून आणला आणि हुंगला. माझं नाक काकूंच्या काढ्यातल्या आल्यामिऱ्यांनीच भरलेलं. तरी म्हटलं, "भुईचाफाच वाटतोय."

"वाटतोय? तुज्या वाटन्यावर हिचा जीव ठिवू व्हय?"

काकूंनी मावशींशी बोलणं टाकलं. मावशींनी तो अर्धा कंद आंब्याखाली परत लावला, भोवती विटा रचल्या, आणि रोज उठून वाकून बघू लागल्या. मला त्यांचा रागही येई आणि कीवही. कळलावी निघाली तर त्या खऱ्या ठरणार होत्या, आणि भुईचाफा निघाला तर गल्ली हसणार होती. काय निघावंसं वाटतं, असं मी एकदा विचारलंच.

"भुईचाफाच निगू दे बाई. न्हाईतर मंदी मला रोज मेलेली दिसंल."

एका सकाळी विटांच्या मधोमध फूल उघडलं होतं, पांढरं, आत जांभळं. मावशींनी स्वतः जाऊन काकूंचं दार वाजवलं. "चल मंदे, बग. मी चुकले."

काकू लंगडत आल्या. टोमणा त्यांच्या जिभेवर तयार होता, हे मला दिसत होतं.

"वास येतोय का गं?" मावशींनी हळूच विचारलं.

काकू फुलाशी वाकल्या. "येतोय," त्या म्हणाल्या.

मावशी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "चुकले मी. पर पुन्यांदा तसा पेला घेतलास ना, तर पुन्यांदा वतीन." काकूंनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या. त्यांची हाक नाही म्हणून गल्ली मला अजून परकी वाटते. या थंडीत दूधवाल्यावर ओरडायचं काम काकूंनी केलं. परवा फूल आलं तेव्हा त्या गुडघा धरून त्याच्यापाशी बसल्या, वाकल्या आणि मावशींच्या कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "येतोय वो मावशी, वास येतोय."