सत्तेचाळिसाव्या मागणीचा रकाना

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकांच्या मागण्या नोंदवून त्यांचा माग ठेवण्याचं काम एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे होतं; सगळे त्यांना ‘सार’ म्हणत. त्यासाठी संगणकावर नवं टूल आलं, तेव्हा प्रत्येक मागणीपुढे ‘मागणारा’ हा रकाना त्यांनीच घालायला लावला. तिथे ‘ग्राहक’ लिहिलेलं त्यांना चालत नसे, माणसाचं नाव लागे. चष्मा कपाळावर सरकवून ते तंजावरी मराठीत विचारत, “कोण मागितलं की हे?” उत्तर मिळेपर्यंत टेबलाशी उभे राहत. ते माझ्याकडे येताना दिसले की मी घाईघाईने माझे रकाने तपासू लागे.

गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातल्या, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेससाठी मी प्रोग्रॅम लिहीत होतो. सत्तेचाळिसावी मागणी होती: कामगाराचा हात आत असताना प्रेस खाली येऊ नये. तिचा रकाना रिकामा होता. ते बसने कारखान्यात जाऊन आले. ही मागणी कोणी केली, हे तिथे कोणालाच आठवत नव्हतं.

“मग काढून टाका ना, सार,” पुण्याहून आलेले मॅनेजर म्हणाले. “सोमवारी डेमो आहे. यानं अजून त्यातली एक ओळ लिहिलेली नाही.”

मी मान खाली घातली. ती मागणी निघावी, असं मलाही वाटत होतं.

“तिथं हात घालून काम करतात की हो,” एवढंच सार म्हणाले. मग टूल उघडून त्या रिकाम्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मागणारा मिळाला. आता लिहा.”