यंत्र बांधून लेझीम

लेझीम शिकवणाऱ्या रत्नमालाबाईंनी पौर्णिमाला पहिल्यांदा हेरलं ते तिच्या पायांमुळे. कामरगावच्या बुद्धविहारासमोर भीमजयंतीच्या लेझमीचा सराव चालला होता. रिंगणातल्या पोरी चुकत होत्या आणि बाहेर भिंतीला टेकलेली ही मुलगी जागच्या जागी अचूक ठेका धरत होती.

"अंदर ये ना व!" बाईंनी हाक मारली.

"बाबा नाही म्हणतात. मले फिट येते."

बाबा म्हणजे शेषराव. लेकीवर त्यांचा भारी जीव. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, फिट येणाऱ्या तरुण मुलांत कधीकधी हृदयाचा ठोकाही बदलतो. तो दिवसरात्र टिपून पाहू, मग खेळायचं ठरवू. छातीला तारा चिकटवल्या, कमरेला डबीएवढं यंत्र बांधलं. "रोजच्यासारखी राहा," एवढंच बजावलं.

घरी येताच शेषरावांनी लेकीला खाटेवर निजवलं. "हालू नोको, मशीन बिघडन!" शेजारणी नवी नवरी पाहावी तशा येऊन पाहून गेल्या. त्यांतल्या रुपाबाईने पौर्णिमाला हसवलं, तर शेषराव रुपाबाईवरच डाफरले.

नोंद पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "शेषराव, मला पोरीचा दिवस हवा होता. तुम्ही खाटेचा आणला!"

यंत्र पुन्हा बांधलं. या खेपेला रत्नमालाबाई दारात हजर.

"भाऊ, भिंतीपाशी थे रोजच नाचते. तिच्या रोजच्यात लेझीम येतेच."

"अन् पडली त?"

"मी बाजूले आहो. तुमी बी या."

शेषराव आले, काखेत उशी घेऊन! डफडं कडाडलं, पौर्णिमा रिंगणात शिरली आणि तिच्या पाठीला चिकटून बाप. ती वाकली, ते वाकले. ती गर्रकन वळली, ते उशीसकट वळले. चौथ्या फेरीला त्यांचाही ठेका बसला.

"मामा, उशी उंच धरा!" पोरी ओरडल्या, आणि हसता हसता अर्धं रिंगण धुळीत बसलं. रत्नमालाबाई मात्र पौर्णिमावरची नजर हलवत नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, "हृदय छान पळालं आणि शहाण्यासारखं जागेवर आलं. झोपेत ठोका जरासा चुकतो, म्हणून फिटची एक गोळी बदलतो. तपासणी चुकवायची नाही, जागरण नाही. खेळू द्या, फक्त कुणीतरी सोबत हवं."

"उशी चालन का?" शेषरावांनी विचारलं.

पौर्णिमा आता जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत खेळते, आणि रोज जेवण झालं की गोळी घेते.