मामांचं अंग कोरडं होतं

रामदासमामांमुळे मी शिकलो. निफाडजवळच्या आमच्या गावातून त्यांनी मला नाशिकला आणलं, सिडकोतल्या आपल्या एका खोलीत ठेवलं, आणि अंबडच्या ज्या फाउंड्रीत ते भट्टीवर होते तिथेच मला सुपरवायझर म्हणून लावून दिलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. आता सांगतोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकातला एक मे महिना. वरचे पत्रे सकाळीच तापलेले. मामा टायफॉइड होऊन महिन्याभराने कामावर आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन-चार दिस वाळूकडं दे रं भाच्या. अंगाची सवय मोडलीय, धग सोसायची नाय." साचे भरायचं वाळूचं काम भट्टीपासून लांब असे.

मागून कुणीतरी हसलं. "द्या की साहेब! मामाला सावली, आम्हाला भट्टी!"

एवढंच. आणि एवढ्यावर मी — काय सांगू? — मामांना भट्टीपुढे उभं केलं.

दुपारी ते झोकांड्या देऊ लागले. जीभ जड झालेली. मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली आणि हसले. "मामांनी आज लावली वाटतं," कुणीतरी म्हणालं. मी त्यांना धरलं. अंग तव्यासारखं — आणि कोरडं. भट्टीपुढच्या माणसाला घाम नाही? तोंडाला दारूचा वासही नव्हता. मी अगदी जवळ होतो. मग ते कोसळले.

त्यांना दवाखान्यात पोहोचवून आलो, तर शेठने विचारलं, "प्यायला होता काय?" भट्टीवर कुणी पाठवलं, हा प्रश्न त्याच्यापाठोपाठ येणार होता. तो यायच्या आत मी म्हणालो, "हो."

मामा वाचले. नोकरी गेली. जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाचं नाव दारुडा म्हणून गावभर झालं. पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही — मामांना ती दुपार आठवतच नव्हती. खाटेवरून त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग, मी घेतली व्हती का रं?"

मी खाली पाहिलं.

मामी सांगायची, ते रोज देवापुढे कान धरतात. कितीतरी वर्षं धरत होते. मी ऐकून घ्यायचो, चहा प्यायचो, परत यायचो.

मागच्या महिन्यात पत्र पाठवलं. त्यात एवढंच आहे:

"ती. मामांस साष्टांग नमस्कार. त्या दिवशी तुम्ही घेतली नव्हती. तुम्हाला धग लागली होती. भट्टीवर मी पाठवलं आणि शेठना खोटंही मीच सांगितलं. तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मला हे सगळं माहीत होतं.
— सुनील"