नव्याण्णव नंबरची घरं

समजा, तुमच्यासमोर एकोणीस हजार ओळींचा तक्ता आहे. प्रत्येक ओळ म्हणजे बंद पडलेल्या एका लिफ्टची तक्रार. तारीख, इमारत, आणि बिघाडाचा आकडा. एक म्हणजे दार लागत नाही, चार म्हणजे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबते, असे चौदापर्यंत. यावरून तुम्हाला असा प्रोग्रॅम लिहायचाय, जो रोज सकाळी मेकॅनिकला सांगेल की आधी कुठे जा आणि सोबत कुठला सुटा भाग ने. आणि मग तुमच्या लक्षात येतं, की तीन हजारांहून जास्त ओळींमध्ये बिघाडाचा आकडा आहे नव्याण्णव. नव्याण्णव नावाचा बिघाडच नाही. काय कराल?

मी जे केलं तेच कराल. आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की कंटाळलेला कारकून रिकामी जागा भरायला नव्याण्णव ठोकून मोकळा होतो. मी एक ओळ लिहिली, तीन हजार एकशे बारा तक्रारी उडवल्या आणि चहा प्यायला गेले. चहा घेताना ज्या बाईंशी मी हसून बोलले, त्याच तो कंटाळलेला कारकून होत्या.

विद्यापीठातल्या आमच्या विभागात पदव्युत्तरच्या शेवटच्या सत्रात प्रत्येक गटाला एक खरी कंपनी मिळते आणि तिची खरी अडचण. आम्हा चौघांना मिळाली लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी. तळमजल्यावर लांबट खोली, एका भिंतीला सुट्या भागांची कपाटं, दुसऱ्या बाजूला टेलिफोनचं टेबल. त्या टेबलाशी ताई बसायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं.

"काकू कोणाला म्हणतेस गं? इथे मालकसुद्धा ताई म्हणतात, आणि ते माझ्याहून मोठे आहेत."

ताई एकोणिसाव्या वर्षी इथे आल्या, त्याही बहिणीच्या जागी. बहिणीचं लग्न होतं, दोन आठवड्यांची रजा होती. "ती काही परत आली नाही, आणि मला कुणी ऊठ म्हटलं नाही," त्या सांगायच्या. "सव्वीस वर्षं झाली. अजून बदलीवरच आहे मी." स्वतः राहायच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लेक चिडवायची, की आई गावभर लिफ्ट चालू करत फिरते आणि भाजी मात्र मी वर चढवते.

शहरातली शेकडो माणसं त्यांना आवाजावरून ओळखू यायची, चेहऱ्यावरून एकही नाही. एकदा बँकेच्या रांगेत पुढचा माणूस खिडकीशी काहीतरी बोलला आणि मागून ताई म्हणाल्या, "काय हो, तुमच्या लिफ्टचं दार आता नीट लागतं ना?" तो माणूस दचकून रांग सोडून बाजूलाच झाला.

दहाव्या आठवड्यात आमचा प्रोग्रॅम तयार झाला. व्यवस्थापकांनी दोन आठवडे खऱ्या कामावर लावून बघायचं ठरवलं आणि सगळ्यांना बजावलं, की यादी मशीन बनवेल, कुणीही हात लावायचा नाही, नाहीतर फरक मोजता येणार नाही. ताईंच्या पडद्यावर आता नवी चौकट होती. तिच्यात एक ते चौदा, बस.

"यातला नव्याण्णव कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"काढला ताई. कचरा होता तो," मी उत्साहाने सांगितलं.

"असं होय," म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. फोन वाजलाच नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी, सकाळी सव्वानऊला, ताई आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात यादीचा कागद.

"अगं, हा सहावा नंबर पहिला करता येईल का?"

"ताई, तीनच दिवस राहिलेत. आता हात लावला तर सगळं मोजमाप वाया जाईल."

"मोजमाप वाया जाईल, खरंय. आणि पाचव्या मजल्यावरचे मास्तर?"

"कोण मास्तर?"

"साडेअकराला त्यांचं डायलिसिस असतं. आठवड्यातून तीनदा. जिना उतरणं त्यांना जमत नाही. आत्ता बायकोचा फोन आला होता. लिफ्ट बंद आहे, आणि तुमच्या यादीप्रमाणे आपला माणूस तिथे तीन वाजता पोचतोय."

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"नव्याण्णव आहेत ना ते!"

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी कंपनीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात बिघाड लिहायला जागा होती, घरात कोण आहे ते लिहायला नव्हती. यादीच्या डोक्यावर टिचकी मारली की आकडे उलटे लागतात, मोठा वर, हे ताईंनी स्वतःच शोधून काढलं. ज्या घरात कुणाला जिना चढता-उतरता येत नाही, त्या घराला नव्याण्णव. आपोआप पहिला नंबर. खरा बिघाड ताई मेकॅनिकला तोंडी सांगायच्या.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कुणाला विचारून केलं होतं मी ते? तू कचरा म्हणालीस. मला वाटलं, पकडली गेले."

आमच्या गटप्रमुखाला आम्ही घड्याळ म्हणायचो, कारण त्याचं बोलणं वेळेपासून सुरू होऊन वेळेवरच संपायचं. तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत थांबता नाही का येणार?"

"मला येईल रे," ताई म्हणाल्या. "मास्तरांच्या मूत्रपिंडांना विचारून बघ."

व्यवस्थापकांचा फोन लागत नव्हता. यादी बदलायचा पासवर्ड फक्त आमच्याकडे होता. मी घड्याळकडे बघितलं. त्याने मनगटाकडे बघितलं, साडेनऊ वाजत होते, आणि पासवर्ड त्यानेच टाकला.

त्या भागाच्या मेकॅनिकला सगळे लंबू म्हणायचे. ताईंनी त्याला फोन लावला. पलीकडून तो ओरडला, "ताई, मशीन म्हणतं बाजारात जा, तुम्ही म्हणता मास्तरांकडे. मी बायकोचं ऐकत नाही, आता नक्की कुणाचं ऐकू?"

"मशीनने मत बदललंय. एक नंबरचा बिघाड आहे, दाराचा स्विच घेऊन जा. आणि गप्पा मारत बसू नकोस."

पुढचा दीड तास आम्ही काम करत असल्यासारखे दिसत होतो. ताई बाकीचे फोन घेत होत्या, पण प्रत्येक घंटीला आधी भिंतीवरच्या काट्यांकडे बघत होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी लंबूचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"उतरले मास्तर! गाडीत बसताना मला विचारतात, एकोणीसचा पाढा येतो का? मी म्हटलं, मास्तर, मला चौदापर्यंतच लागतात."

घड्याळ मोठ्याने हसला. तो हसतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दुपारी व्यवस्थापक आले आणि अपेक्षेप्रमाणे तापले. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"मी बारा वर्षं हात लावतेय, साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या.

व्यवस्थापकांनी यादी पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, "अशी घरं किती आहेत?"

ते मात्र कुणालाच सांगता येईना, ताईंनाही. मी उडवलेल्या ओळी परत आणल्या. तीन हजार एकशे बारा तक्रारी, पत्ते दोनशे चौदा. गुरुवार-शुक्रवार ताई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आम्ही एकेक पत्ता काढला.

"हे आजोबा गेले, दोन वर्षं झाली. पुसून टाक. यांना मुलाने आपल्याकडे नेलं. ही? हिचा पाय मोडला होता, आता माझ्याशी भांडायला स्वतः जिना उतरून येईल. काढ. हे मास्तर. राहू दे. वर ठेव."

प्रोग्रॅममध्ये आम्ही नवा रकाना केला, घरातल्या माणसासाठी. त्याच्या शेजारी तारीख, शेवटचं कधी विचारलं त्याची. सहा महिने उलटले की पडदा आठवण करून देतो, फोन करा. ही कल्पना ताईंची. सादरीकरणात आमचा आकडा घसरला, मेकॅनिकच्या फेऱ्या बावीसऐवजी सतराच टक्के वाचल्या. उडवलेल्या ओळींची गोष्ट मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकली. आमच्या सरांनी भुवया उंचावल्या. मालकांनी फक्त एवढंच विचारलं, की ताईंना तो रकाना भरायला कधीपासून मिळेल. सोमवारपासून, घड्याळने सांगितलं.

तो सोमवार होऊन आता चार महिने झाले. मला नोकरी लागलीय, पण मधूनच त्या खोलीत डोकावते. परवा गेले तेव्हा ताईंच्या पडद्यावर एकच पत्ता उघडा होता.

चौथा मजला. एक बाई फोन करायची, तिची मुलगी चाकाच्या खुर्चीत असायची. मागून मुलीचा आवाज यायचा, "लिफ्टवाल्या ताई आहेत का? त्यांना माझा नमस्कार सांग." सहा वर्षांपूर्वी फोन यायचे थांबले. लिफ्ट तीच, बिघडते तशीच, तक्रार शेजारी करतात. त्या बाईंचा नंबर आता लागत नाही. शेजारी नवे, त्यांना काही ठाऊक नाही.

"रकाना पुसू की ठेवू, कळत नाही," ताई म्हणाल्या. "लंबूला उद्या वर पाठवतेय, दार वाजवून बघ म्हटलं."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तू शिकलेली आहेस, मला एवढंच सांग. एखाद्या घरातून फोन यायचा थांबतो, तेव्हा ती पोर चालायला लागलेली असते, की आपल्याला कळवायला तिथे कुणी उरलेलंच नसतं?"