कुजबुज्याची हाक

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नुसतं धुकं आहे. डाव्या विंगेत डोंगर, उजव्या विंगेत डोंगर, मधे दरी. आणि अगदी पुढे, जिथे फूटलाइट असायला हवेत तिथे, एक दुमजली दगडी घर. ओसरीवर बुटांची रांग. बूट कसले, होड्याच त्या! भिंतीला टेकून ठेवलेल्या डोंगर चढायच्या काठ्या, माणशी दोन. देवाने दिलेले पाय कमी पडतात अशी इथे उतरणाऱ्या मंडळींची तक्रार असावी.

धुकं जरा वर सरकतं आणि पहिलं पात्र प्रवेश करतं. पायात लोकरीच्या सपाता, हातात चहाचा ट्रे, चाल मांजराची. प्रत्येक कपाखाली कापडाची चकती, म्हणजे बशी वाजायला नको. हा या घराचा यजमान आणि आमच्या नाटक कंपनीचा जुना प्रॉम्प्टर. कंपनीत त्याला सगळे कुजबुज्या म्हणत. त्याने आपलं खरं नाव मला कधी सांगितलं असेलही, पण ते ऐकू आलेलं नाही.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत, अंधारात, नाटकाची वही मांडीवर घेऊन बसणारा माणूस. नट अडखळला की पुढचं वाक्य दबक्या आवाजात त्याच्याकडे सरकवायचं, एवढंच त्याचं काम. ते तो झकास करायचा. भरल्या नाट्यगृहात, डोळ्यांत खोटे अश्रू आणि डोक्यात खरा अंधार अशा अवस्थेत त्याने मला कितीदा वर काढलंय याची गणतीच नाही. म्हणून त्याची टवाळी करायचा हक्क मी राखून ठेवलाय. परक्याने त्या वाटेला जाऊ नये.

टवाळीची जागा अशी, की नाटक आपणच करतो असं हा गृहस्थ मनापासून समजायचा. टाळ्या पडल्या की आम्ही पुढे वाकायचो आणि हा विंगेत वाकायचा. नायक गाजला तर "आज मी छान दिलं" म्हणायचा. नायक पडला तर नायकाशी आठवडाभर अबोला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून बोलला. स्वतःच्या तोंडून चहा मागायचा झाला तरी शेजारच्याला कोपराने ढोसायचा आणि कुजबुजायचा, "चहा सांग."

अशा माणसाचं लग्न झालं ते एका हसण्यामुळे. या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आमचा प्रयोग होता. नायक मरत होता, सावकाश, जसा तो नेहमी मरायचा, आणि त्याची मिशी एका बाजूने सुटली. शेवटच्या रांगेतली एक मुलगी हसली. दगड भरलेली गाडी उतारावर रिकामी करावी तसं ते हसणं. नायक वाक्य विसरला, कुजबुज्याने दिलेलं वाक्य त्या हसण्याखाली चिरडलं गेलं, आणि आमचा नायक मरायचं सोडून उठून बसला. मध्यंतरात कुजबुज्या तिला झापायला गेला.

"काय? मोठ्याने बोला," ती म्हणाली.

हा पुन्हा पुटपुटला.

"काय?"

तिसरी घंटा झाली तरी तिचं 'काय' संपलं नव्हतं. पुढच्या हंगामात लग्न.

ती आमची वहिनी. डोंगरातली. लहानपणापासून समोरच्या उतारावरच्या शेळ्या अंगणात उभी राहून परत बोलावणारी. तिचा आवाज दरी ओलांडून जातो आणि त्यात जराही ताण नसतो. आम्ही पंधरा वर्षं घसा घासून जे शिकलो ते तिला शेळ्यांनी फुकट शिकवलं होतं. कंपनी बुडाली, नाट्यगृहात फर्निचरचं दुकान आलं, तेव्हा कुजबुज्या तिच्या वडलांच्या या घरात राहायला आला. घरजावई. तेही कुजबुजत.

इथे त्याला शोध लागला, की शहरातली माणसं शांतता विकत घेतात. वरच्या खोल्या त्याने पाहुण्यांसाठी उघडल्या, फाटकावर 'येथे शांतता मिळेल' अशी पाटी लावली, आणि मग हात धुऊन शांततेच्या मागे लागला. बिजागऱ्यांना तेल. जिन्यावर सतरंजी. कोंबड्याची रवानगी खालच्या वाडीत. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबल्या. त्या बिचाऱ्या मान हलवायच्या आणि काहीच वाजत नाही म्हणून एकमेकींकडे बघायच्या. पाहुणे खूश. दिवसभर डोंगर तुडवायचा, संध्याकाळी ओसरीवर बसून "किती शांत आहे ना!" असं एकमेकांना तासभर सांगायचं. शांततेबद्दल इतकं बोलणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मी तिथे हवापालटाला गेले होते तेव्हा वरच्या खोलीत एक जोडपं उतरलं होतं. दोघंही सडपातळ, दोघंही पोपटी जाकिटात, दोघांच्याही मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. त्यांना मी मनातल्या मनात पोपट म्हणत असे. एका सकाळी वहिनीने अंगणातून शेळ्यांना हाक मारली. झालं! पोपट खाली उतरले. नवरा म्हणाला, "आम्ही डोळे मिटून बसलो होतो हो. सगळं विस्कटलं." बायको म्हणाली, "इथे माणसांचा आवाज नसतो असं वाटलं होतं."

कुजबुज्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो आत गेला, एक पाटी आणि खडू घेऊन बाहेर आला, आणि सगळ्यांसमोर ती पाटी वहिनीच्या हातात ठेवून म्हणाला, अर्थातच कुजबुजत, "अगं, आता पाहुणे आहेत तोवर जे सांगायचं ते यावर लिहीत जा."

"आणि शेळ्यांना?"

"त्यांच्याकडे जाऊन सांग."

"त्यांनाही पाटीवर लिहून दाखवू का? थोरली जरा शिकलेली दिसते."

मी खो खो हसले. पोपटांनी माझ्याकडे बघितलं. वहिनी मात्र हसत नव्हती. तिने पाटी ओसरीच्या कठड्यावर ठेवली, आत जाऊन गाठोडं बांधलं आणि बाहेर आली.

"ताई, तुम्ही साक्षीला आहात," ती मला म्हणाली, मग नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐका. घर माझ्या बापाचं, म्हणून तुम्हाला घालवू शकते. पण तुमचा जीव या ओसरीत अडकलाय, तर राहा. मीच जाते पलीकडच्या उतारावर बहिणीकडे. उद्या दुपारच्या चहाला मी तिच्या अंगणात उभी राहीन. खिंडीत या आणि मला हाक मारा. तुमच्या तोंडून, तुमच्या आवाजात. मला ऐकू आली तर गाठोडं उचलून येते. नाही आली तर तिथेच राहीन, आणि मग तुम्ही आणि तुमची शांतता, दोघं सुखाने नांदा."

"मी तिकडे येऊनच सांगतो की," हा पुटपुटला.

"अंगणात येऊन कानात गुणगुणाल. ते नको. सबंध जन्म मी 'काय? काय?' करत काढला. एकदा मला 'काय' म्हणायला न लागता ऐकू येऊ दे."

ती गेली. उतारावरून जाताना वाटेतल्या प्रत्येक शेळीचा नाव घेऊन निरोप घेत गेली. पोपटांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर कुजबुज्या माझ्या दाराशी आला. "ताई, खिंडीपर्यंत फिरायला येता? हवा छान आहे."

मी म्हटलं, "मला कशाला नेतोस? मी काय तुझी करवली?"

"सोबत," तो म्हणाला. मला वाटलं, धीर हवा असेल. माझे गुडघे नको म्हणत होते, पण माणसाचा संसार पणाला लागलेला असताना गुडघ्यांचं कोण ऐकतं! मी निघाले. खिंडीतून देखावा चांगला दिसतो असं कुणीतरी सांगितल्यामुळे पोपटही मागोमाग निघाले, चार पाय आणि चार काठ्या वाजवत. शेळ्यांच्या घंटा खुपतात, पण काठ्यांची लोखंडी टोकं दगडावर खटाखट आपटली तरी ती शांतता! वाटेत ते दर वळणावर थांबून मनगट बघत. समोर दरीत ढगांच्या सावल्या सरकत होत्या, त्यांच्याकडे कोण बघतंय? मी दर वळणावर थांबत होते ती दम लागला म्हणून, पण कमरेवर हात ठेवून अशी उभी राहायचे की पाहणाऱ्याला वाटावं, बाई निसर्गाशी बोलतायत.

कुजबुज्या वाटभर ओठ हलवत होता. पाठांतर करतोय, मी मनात म्हटलं. बरं झालं. तयारीचा माणूस आहे.

खिंड म्हणजे दोन खडकांमधली एवढीशी जागा. पलीकडे उभा उतार, आणि खाली, बरंच खाली, बहिणीचं घर. अंगण दिसत होतं, दोरीवरचे कपडे दिसत होते. आम्ही पोचलो आणि थोड्याच वेळात वहिनी अंगणात आली. पदर खोचलेला. खिंडीकडे तोंड करून उभी राहिली.

"हं, कुजबुज्या," मी म्हटलं, "मार हाक."

मागे बघते तर हा खडकाच्या आड उकिडवा बसलेला. अगदी विंगेत बसायचा तसा! खडकाला खांदा, हनुवटी गुडघ्यावर, नजर माझ्या पाठीवर. आणि तिथून, त्या ओळखीच्या, कापूस भरलेल्या आवाजात आलं, "अगं, घरी ये."

"मला काय सांगतोस? तिला सांग!"

"घरी ये. तुझ्यावाचून घर खायला उठतं," पुढचं वाक्य आलं. मग, "हात थोडा वर, ताई."

आता काय सांगू? मी म्हातारी झाले, पण नटी आहे. माझ्या अंगात रक्ताच्या जोडीला प्रॉम्प्ट वाहतो. विंगेतून वाक्य आलं की तोंड आपोआप उघडतं, त्याला माझी परवानगी लागत नाही. माझा हात वर गेला, छाती भरली, आणि इतक्या वर्षांनी तो आवाज बाहेर पडला, "अगं, घरी ये! तुझ्यावाचून घर खायला उठतं!" समोरच्या डोंगराने तो झेलून परत फेकला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

खालून हसणं आलं. तेच, दगडांच्या गाडीचं. आणि मागोमाग, आमच्याच ओसरीवरून बोलावी इतक्या सहज, वहिनी, "ताई, आवाज फक्कड आहे हो अजून! पण मी तुमच्याशी लग्न केलं नव्हतं! ते कुठायत?"

"श्शऽऽ," मागून पोपट म्हणाले. दोघंही.

मी त्यांच्याकडे जी नजर टाकली तिने पूर्वी पहिल्या तीन रांगा गप्प व्हायच्या. मग खडकामागे गेले, कुजबुज्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि खिंडीच्या तोंडाशी उभं केलं. "वही मिटली आता. बोल. चार शब्द. वाईट बोललास तरी चालेल, पण बोल."

वहिनीने त्याला पाहिलं असावं. तिने कानामागे हात धरला. वाट बघत राहिली.

कुजबुज्याने सपाता सारख्या केल्या. हो, डोंगर चढायलाही तो सपाताच घालून आला होता. घसा साफ केला, तोही मुक्यानेच. छाती भरून घेतली. मला वाटलं, आता! आणि त्याच क्षणी त्याने मान वळवून पोपटांकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, आणि त्याची छाती खाली बसली. ओठ हलले. सुंदर हलले, एकेक अक्षर सुटं, काना-मात्रेसकट. मी हातभर अंतरावर होते. मला जेमतेम ऐकू आलं.

वहिनीने हात कानामागेच ठेवला होता. एकदा तिने तो काढला, दुसऱ्या कानामागे धरला. त्या कानालाही तिने संधी दिली. मग दोरीवरचे कपडे काढले, एकेक झटकून खांद्यावर टाकले, आणि आत गेली. दार लागलेलं आधी दिसलं आणि आवाज मागून आला.

पोपट म्हणाले, "वा, काय प्रतिध्वनी आहे!" आणि फोटो काढू लागले.

मी कुजबुज्याचा दंड सोडला नव्हता. हाडकुळा दंड. म्हटलं, चल खाली, उतार धरून तिच्या दारापर्यंत जाऊ, दार वाजव, मी सोबत येते. त्याने नाही म्हणून मान हलवली. परतीच्या वाटेला लागला. पहिल्या वळणावर थांबला, पोपट पुढे जाईपर्यंत थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"ताई, मी वाक्य बरोबर दिलं होतं. तुम्ही 'ये'वर जोर दिलात. 'घरी'वर द्यायचा होता."